आधी माणूस बसवा, मग कागद लावा

मिरजोळे म्हटलं की रत्नागिरीत कुणालाही आधी एमआयडीसी आठवते. आमच्या पडवीत मात्र रविवारी सकाळी कुणीतरी खुर्चीत बसलेलं असतं आणि आम्ही चार-पाच जण त्याचं चित्र काढत असतो, हे आता वाडीच्या सवयीचं झालं आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, हात चांगला असलेली मुलं येतात आणि विचारतात, ‘सर, मॉडेल कुठून आणता?’ त्यांच्या मोबाइलमध्ये ढीगभर चेहरे असतात. त्यावरून काढलेली चित्रंही सफाईदार असतात. पण समोर जिवंत माणूस बसवला की पहिल्या दहा मिनिटांतच हात थबकतो. माणूस हलतो, अवघडतो, पेंगतो, आणि उन्हाबरोबर त्याच्या गालावरची सावली सरकत राहते. हे सगळं सांभाळायचं कसं, ते या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, मॉडेल शोधायला मुंबईला जायची गरज नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी जिवंत मॉडेलवरून मानवी देहाचा अभ्यास करण्याचा वर्ग सुरू केला. पेशाने मॉडेल म्हणून बसणारी माणसं तिथे आजही असतात. त्यांचं जगणं किती अवघड असतं ते रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या २०१८ च्या चित्रपटात ज्यांनी पाहिलं, ते मॉडेलकडे पुन्हा हलक्या नजरेने बघणार नाहीत. व्यक्तिचित्रासाठी मात्र आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांनी मॉडेल घरातच शोधले. गोव्यात सांग्याला जन्मलेल्या आंतोनिओ झेवियर त्रिंदाद यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक १९२० मध्ये मिळालं, ते पत्नी फ्लोरा हिला समोर बसवून केलेल्या चित्राला. आपल्या शेजारच्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात दिवा घेतलेली स्त्री जलरंगात रंगवली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते चित्र आहे आणि अजूनही पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्यात दिवा धरून उभी आहे ती हळदणकरांची मुलगी गीता. वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं सर्वोच्च ड्रेपर पारितोषिक मिळालं, तेही पत्नीच्या व्यक्तिचित्राला. घरचं माणूस पुन्हा पुन्हा बसतं, चित्र बिघडलं तरी रुसत नाही आणि त्याचा चेहरा आपण वर्षानुवर्षं पाहिलेला असतो. तेव्हा सुरुवात आई, आजी, काका यांच्यापासून करा. दहा-बारा चित्रं झाली की मग शेजारी जा.

शेजारी जाताना कोकणातलं वर्ष ध्यानात घ्या. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या दिवसांत कुणाला ‘जरा बसता का’ म्हणून विचारू नये. शिमग्यात पालखी असते, जूनमध्ये पेरणी, मग लावणी. लावणी उरकली की गणपतीपर्यंत माणसं थोडी मोकळी असतात. त्या दिवसांत उजेड कमी आणि ओल जास्त, तरी बसायला माणसं मिळतात ती तेव्हाच. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशीच विचारा. रात्रपाळी करून आलेला माणूस खुर्चीत बसल्याबरोबर झोपतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. बागेत राखणीला आलेले नेपाळी गडी हंगाम संपल्यावर, गावी परतण्याआधी, आनंदाने बसतात. त्यांतल्या अनेकांच्या वरच्या पापणीची घडी आपल्यापेक्षा निराळी असते. सवयीने डोळे काढणाऱ्याची तिथे परीक्षा होते. शिमग्यातल्या खेळ्यांमधला संकासुर एकदा त्याच्या काळ्या वेशात, उंच टोपी घालून बसला होता. दाढी लावण्याआधी निम्मा वेळ त्याचा मोकळा चेहरा काढून घेतला, म्हणून दाढीमागे हनुवटी कुठे आहे ते कळलं.

आता उजेड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्वद टक्के चित्रं खडू हातात घेण्याआधीच इथे बिघडतात.

‘उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्या’ असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. ही पुस्तकं युरोपातल्या अनुभवावर लिहिलेली आहेत. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं आत येत नाही. रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य आपल्या डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. २१ जूनला तर तो सुमारे साडेसहा अंश उत्तरेला झुकलेला असतो. शिवाय उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरपं आत शिरतंच. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेची बाजू उत्तम. मार्चपासून आपल्या घरात सकाळी आठला, दहाला आणि बाराला प्रत्येक उघडणीपाशी उभं राहून बघा आणि ज्या जागी दोन-अडीच तास थेट ऊन येत नाही, ती जागा निवडा. खिडकी अर्धी उघडी ठेवली, खालचा भाग जाड कापडाने झाकला आणि वरून उजेड घेतला, तर कपाळ, नाक, गालाचं हाड एकेक होऊन उठून दिसतं. चारी बाजूंनी उघड्या पडवीत चेहरा सपाट दिसतो. तिथे एका बाजूला जाड चादर बांधा. आणि ट्यूबलाइट बंद करा. दोन निरनिराळ्या रंगांचे उजेड एका गालावर पडले की रंग कालवताना जन्म जातो.

जुन्या कौलारू घरात एखादं काचेचं कौल असतं. त्याखाली माणूस बसवला तर वरून येणारा उजेड फार देखणा पडतो, पण त्यातून कवडसा येतो आणि तो घड्याळाच्या काट्यासारखा सरकतो. शिडी लावून कौलाला आतून बटर पेपर चिकटवा. कवडसा विरतो आणि मऊ उजेड उरतो.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडची. अंगण जांभ्याचं असेल आणि त्यावर ऊन पडलेलं असेल, तर खालून लालसर उजेड उसळतो. पडवीत बसलेल्या माणसाची हनुवटीखालची बाजू, नाकाखालचा त्रिकोण, वरच्या पापणीची खालची कड या जागा नारिंगी दिसतात. पावसाळ्यात तेच अंगण भिजून काळपट होतं, समोर झाडी दाटते आणि त्याच जागी हिरवट छटा येते. सावली म्हणजे काळा किंवा तपकिरी रंग असं ज्यांनी पाठ केलं आहे, त्यांनी एकाच माणसाला मे महिन्यात आणि जुलैमध्ये त्याच खुर्चीत बसवून बघावं.

उजेड ठरला की माणूस. त्याला बसवण्याआधी त्या खुर्चीत स्वतः वीस मिनिटं बसा. प्लास्टिकची खुर्ची मागे लवते आणि दर पाच मिनिटांनी माणूस खाली घसरतो. लाकडी, हाताची खुर्ची घ्या, पाठीला उशी द्या, पाय टेकत नसतील तर पाट द्या. तुम्ही उभं राहून काम करणार असाल तर खुर्ची भक्कम चौथऱ्यावर, फूट-दीड फूट उंच ठेवा, म्हणजे त्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येतील. तुमच्यात आणि त्याच्यात सहा ते आठ फूट अंतर असू द्या. जवळून काढलेलं नाक हमखास मोठं होतं.

वीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं सुट्टी. हा नियम मोडू नका. मी एकदा मोडला आहे. वाडीतलेच एक काका बसले होते, सत्तरीच्या पुढचे. डोळ्यांजवळचं काम जमून आलं होतं, म्हणून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत म्हणत मी त्यांना पाऊण तास बसवलं. ते मानाने वागणारे गृहस्थ, काही बोलले नाहीत. उठायला गेले तर पाय बधिर झालेला. चौथऱ्यावरून उतरताना तोल गेला आणि शेजारच्याने धरलं म्हणून पडले नाहीत. घरी गेल्यावरही त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. तेव्हापासून पडवीत गजराचं घड्याळ असतं आणि ते बसणाऱ्याच्या हाताशी ठेवलेलं असतं. गजर झाला की तो उठतो, आम्ही विचारायचं नाही.

उठण्याआधी खुर्चीचे चारही पाय आणि त्याच्या चपलांच्या कडा खडूने आखून घ्या. कोपर खुर्चीच्या हातावर कुठे होतं तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. पदराची किंवा उपरण्याची घडी मात्र पुन्हा तशीच कधीच पडत नाही, ती पहिल्या बैठकीतच पाच-सात रेषांत धरून ठेवा. नजरेसाठी समोरच्या भिंतीवर एक जागा द्या. आमच्याकडे एक खिळा आहे, दुसरं काही नाही. कॅलेंडर टांगलं की माणूस तारखा वाचायला लागतो आणि डोळे फिरतात.

मान थोडी वळवायची असेल तर हात लावू नका. स्वतः तशी मान करून दाखवा, तो तुमच्याकडे बघून करेल. बाई बसणार असेल तर घरातली दुसरी बाई तिथे असावी, दार उघडं असावं. मूल बसणार असेल तर आई किंवा वडील समोर हवेत आणि बैठक दहा मिनिटांची. चित्र कुठे लावणार, विकणार का, हे आधीच सांगा आणि ‘नको’ म्हटलं तर तो विषय तिथेच सोडा. पैसे द्या. गावात त्या वेळी अर्ध्या दिवसाची जी मजुरी चालू असेल, तेवढी एका सकाळची द्यावी असं माझं मत आहे. ‘राहू दे रे, बसूनच तर होतो’ असं म्हणतात, तरी पाकीट हातात ठेवा. नुसतं बसणं हे काम आहे, आणि ते जड काम आहे.

सामानावर फार लिहीत नाही. पहिली दोन वर्षं कोळसा आणि अर्धा इम्पीरियल कागद पुरे. मळून आकार देता येणारं पुट्टी रबर घ्या, त्याने उजेड उचलता येतो. बोर्ड उभा, डोळ्यांसमोर ठेवा. मांडीवर आडवा ठेवून काढलेला चेहरा नेहमी लांबट होतो.

काढायला सुरुवात कुठून करायची, ते एका आजींच्या चित्रावरून सांगतो. आमच्या वरच्या अंगाच्या घरातल्या, ऐंशीच्या आसपास वय. येऊन बसल्या आणि लगेच फोटोसाठी बसतात तशा ताठ झाल्या, ओठ मिटलेले, डोळे मोठे केलेले. अशा वेळी रेघ ओढायची नाही. मी कोळसा तासत बसलो आणि विचारलं, ‘आजी, यंदा भात लावून झालं?’ त्या बोलायला लागल्या: बेणं कमी पडलं, सुनेला ताप होता, नातू मुंबईहून आलाच नाही. चार-पाच मिनिटांत खांदे खाली आले, मान किंचित डावीकडे कलली आणि उजवा हात आपोआप मांडीवरच्या पदराची कड चाचपू लागला. हीच त्यांची बसण्याची खरी ढब होती. ‘आजी, आता अशीच राहा, त्या खिळ्याकडे बघ,’ एवढंच म्हटलं आणि काम सुरू केलं.

पहिली पाच मिनिटं डोळे-नाक यांना हात लावायचा नाही. कवटीचा गोळा, मानेचा कल, खांद्यांची तिरकी रेघ आणि केसांसकट डोक्याचा बाहेरचा आकार, बस्स. डोळे बारीक करून बघा. बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि उजेडाचा एक मोठा तुकडा, सावलीचा एक मोठा तुकडा उरतो. सावलीचे सगळे भाग एकाच करड्या रंगात भरून टाका. एवढ्यावर दहा पावलं मागे जाऊन बघितलं आणि घरच्यांनी ‘ही आजी’ म्हणून ओळखलं, तर साम्य आलं. नाही ओळखलं तर पापण्या कितीही कोरल्या तरी येणार नाही. पुसा आणि पुन्हा मांडा. मांडणी पुसायला जो घाबरतो त्याचं चित्र पुढे सरकत नाही.

डोळ्यांची रेघ डोक्याच्या मध्यावर येते. नवखे लोक ती वर चढवतात आणि कपाळ हरवतं. टोपी घातलेला माणूस असेल तर आधी टोपीखालची कवटी काढा, मग तिच्यावर टोपी ठेवा. चश्मा असेल तर आधी डोळे, चश्मा सगळ्यात शेवटी. आजींना दात नव्हते. अशा चेहऱ्यात नाक आणि हनुवटीमधलं अंतर कमी होतं, वरचा ओठ आत वळतो आणि हनुवटी पुढे येते. पुस्तकातली प्रमाणं तिथे बाजूला ठेवावी लागतात. त्यांच्या कपाळावर गोंदण होतं. मी ते पेन्सिलीची टोकदार खूण करून काढलं आणि ते चिकटवल्यासारखं दिसलं. गोंदण कातडीच्या आत असतं. नंतर रंगात करताना कपाळाचा रंग ओला असतानाच त्यात निळसर हिरवा मिसळला, कडा विरू दिल्या, तेव्हा ते आत गेलं.

डोळे मी शेवटच्या बैठकीवर ठेवतो. आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात जाणता हात करतो, आणि त्या वेळी तो बोलत नाही. लहानपणी तासन्‌तास तिथे उभं राहून मी ते पाहिलं आहे. आखणीत दोन्ही डोळे सारखे लागतात. जिवंत माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, आणि कुठला लहान, कुठल्याची पापणी जड हे धरलं की चेहरा बोलायला लागतो. बुबुळातला चमकीचा ठिपका पांढराशुभ्र करू नका. खिडकीचं प्रतिबिंब आहे ते, त्याला खिडकीचा आकार आणि खिडकीचाच रंग असतो.

तैलरंगात उतरलात तर सुरुवातीला चारच रंग घ्या: पांढरा, येलो ओकर, लाल आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडनचे आन्देर्स झोर्न एवढ्यावर चेहरे रंगवत. आपल्या कातडीसाठी त्यात बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन घाला. दुकानात ‘स्किन कलर’ म्हणून मिळणारी गुलाबी नळी विकत घेऊ नका. तो रंग आपल्या कुणाचाच नाही. सावळ्या कपाळावर वरून उजेड पडला की तिथे आकाशाचा निळा-करडा येतो, आणि पांढरा मिसळून उजळ केलं तर कातडी खडूसारखी कोरडी दिसते. तिथे पांढऱ्याआधी निळ्याचा थेंब घालून बघा.

पावसाळ्याचे चार शब्द. ओल्या हवेत कोळसा कागदावर नीट धरत नाही, पसरतो. फिक्सेटिव्ह फवारलं तर कधी वर पांढुरकी साय येते, तेव्हा उघडीप बघून फवारा. जलरंगाचा कागद लोखंडी पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. दमट कागदाची खळ गेली की रंग लावताना डाग उठतात. तैलचित्र वाळायला एरवीपेक्षा जास्त दिवस लागतात. खालचा पहिला थर बर्न्ट अंबरमध्ये केला तर तो लवकर वाळतो, काळा आणि अलिझरिन फार रेंगाळतात. कॅनव्हास जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या चित्रावर बुरशी येणारच.

फोटो घ्यायचा की नाही? कपड्याच्या घड्यांसाठी, खुर्चीसाठी एक घ्या. चेहऱ्यासाठी त्यावर विसंबू नका. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, आपल्याला दोन, आणि गालाची वळती बाजू आपण थोडी पलीकडूनही पाहत असतो. फोटोत सावली काळी होऊन बसते. खुर्चीसमोर उभं राहिलं की त्याच सावलीत तो जांभ्याचा नारिंगी दिसतो.

हात बसेपर्यंत चांगली चित्रं जवळून पाहा. देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, तिथे मोठ्या चित्रकारांची मूळ चित्रं आहेत. सावर्ड्यात सह्याद्री शिक्षण संस्थेचं कलामहाविद्यालय आहे. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. पणजीला गेलात तर फुंदासाव ओरिएंतमध्ये त्रिंदादांची चित्रं पाहा, आणि हात लावता येत नसला तरी नाक लागेल इतक्या जवळून पाहा. गालाची कड कुठे सोडली आहे आणि कुठे घट्ट धरली आहे, ते छापील चित्रात कळत नाही. चित्रकार धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे १९४० चं आत्मकथन ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा.

शेवटची बैठक संपली की चित्र बसणाऱ्याकडे वळवा आणि गप्प बसा. समजावून सांगायला लागू नका. आजींनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ही माझ्या आईसारखी दिसते रे.’ मग जवळ जाऊन पदराच्या कडेवरचा हात तेवढा पाहिला. मी चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख, ‘मिरजोळे’ आणि त्यांनी सांगितलं तसं त्यांचं माहेरचं नाव लिहिलं. आठ दिवसांत चित्राचा फोटो काढून, मोठा करून, चौकटीत घालून नेऊन दिला. हे प्रत्येकासाठी करा, फार खर्च येत नाही. त्यांच्या ओटीवर तो देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला आहे. खिळा कुठे ठोकायचा ते त्यांनी स्वतः उभं राहून दाखवलं, उजेड समोरून येईल अशा भिंतीवर.